पितांबर मिस्तरीचा शब्द

रनाळ्यात पितांबर मिस्तरीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चाळीस वर्षं डिझेलची इंजिनं खोलत आलेला माणूस, नुसत्या धुराच्या वासावर रोग सांगायचा. नव्या गाड्यांत लागणाऱ्या दिव्यांचा मात्र त्याला भारी तिटकारा. शेजारच्या धर्मेंद्रच्या गाडीत असाच पिवळा दिवा लागला, तेव्हा पळती गाडी बघून हा हसला होता. "लागू दे. गाडी पयी ऱ्हायनी ना? मंग झाये!"

दोन महिन्यांनी त्याच गाडीतून पितांबरच्या बायकोला, दगूबाईला, छातीत कळ आली म्हणून नंदुरबारला न्यावं लागलं. अर्ध्या वाटेत गाडीचा जोरच गेला. धर्मेंद्र ॲक्सिलरेटर दाबत राहिला आणि गाडी बैलगाडीसारखी रांगत राहिली. दवाखान्याच्या दारातच दगूबाईने प्राण सोडला.

लेक रोहिणीने सगळा राग धर्मेंद्रवर काढला. "त्यानी गाडी हळू चालाडी, तठेच मन्ही माय गयी." उद्या गंधमुक्ती, दुखवटा संपायचा दिवस. जेवणाचं आवतण घरोघर गेलं, धर्मेंद्रचं दार तेवढं तिने वगळलं. तो बिचारा गल्लीतून तोंड लपवून जाऊ लागला. पितांबरला ते बघवेना. त्याने गाडी आपल्या दारात आणवली आणि शहाद्याच्या गॅरेजवाल्या चंदनकडून तपासायचं मशीन मागून घेतलं.

किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं नाही. अशा वेळी धूर गाळणाऱ्या फिल्टरचा दाब शून्य दिसायला हवा. इथे आकडा चढलेला! त्याने दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन्ही नळ्या काढल्या, तरी आकडा हलेना. फिल्टर पाहिला, तो मोकळा होता. म्हणजे सेन्सरच खराब. धूर तुंबलाय असं तो खोटंच सांगत होता, आणि ते खरं मानून इंजिन आपला जोर आवरून घेत होतं. बोटाएवढी वस्तू, बदलायला अर्धा तास. दिवा दोन महिने तेच सांगत होता.

पितांबर तिथेच मातीत बसला. गप्प राहता आलं असतं. मशीनचे आकडे गावात कुणाला कळतात? पण त्या पोराचं तोंड डोळ्यांपुढून हटेना.

रोहिणी ओसरीवर गहू पाखडत होती.

"बेटा, धर्मानी काहीच चूक नही. गाडीनाच जोर गयथा. तो दिवा त्यानी माले दखाडा व्हता. मीच सांगं, लागू दे."

तिच्या हातातलं सूप थांबलं. "आबा..." एवढंच म्हणाली. मग उठली, डोक्यावर पदर घेतला आणि धर्मेंद्रच्या दारात जाऊन हात जोडून आवतण देऊन आली.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र पंगतीत बसला. रोहिणीने त्याला आग्रहाने वाढलं. बापाच्या ताटातही वाढलं, पण हाक मारली नाही. त्याला आता सहा महिने झाले. दोन वेळचं ताट ती न चुकता पुढे ठेवते. 'आबा' मात्र पुन्हा म्हणालेली नाही.