चिपाडाच्या कोळशाची पिशवी

पिशवी यंत्रावरून उतरली की अक्का ती पदरावर घासायच्या आणि मनगटाजवळ धरायच्या. मनगटावरची लव उभी राहिली की म्हणायच्या, “जित्ती हाय अजून. ठेव बाजूला.”

हातकणंगल्याजवळ त्यांचा प्लास्टिकच्या पिशव्यांचा कारखाना होता. मी तिथं यंत्र चालवायचो. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं, ते तुम्हीही ऐकलं असेल. आपण हसतो. अक्का हसत नसत. त्यांचा धाकटा भाऊ रंगाच्या कारखान्यात पिशवीतली पूड टाकीत ओतत होता. घर्षणानं पिशवीवर वीज साचली, ठिणगी उडाली आणि टाकीतल्या थिनरच्या वाफेनं पेट घेतला. दोन्ही हात भाजले.

“आणि पिशवी कुणाची? माझीच की!” एवढंच त्या सांगत.

प्लास्टिकमध्ये कोळशाची बारीक पूड मिसळली की वीज पिशवीवर साचत नाही, पिशवीला जोडलेल्या तारेवाटे जमिनीत उतरते. अक्कांनी गुऱ्हाळावरची उसाची चिपाडं आणली, हवा लागू न देता भट्टीत भाजली, दळली. कारखाना काळा झाला, आम्ही काळे झालो. पूड कमी पडली की लव उभी राही, जास्त झाली की पिशवी पापडासारखी मोडे.

एकदा मी वैतागलो. “अक्का, बाजारातली तयार पूड आणू की.”

“आणू की. पिशवी म्हाग हुईल, गिऱ्हाईक साधीच नेईल, आन् परत कुणाचा तरी हात जळंल. चिपाडच पायजे, बाबा.”

बऱ्याच खटपटीनंतर मिश्रणाचा एक घाणा जमला. तपासणीत पिशवी खरी उतरली. अक्का ती घेऊन थेट रंगाच्या कारखान्यात गेल्या. मी सोबत होतो. भाऊ तिथं आता नुसती देखरेख करायचा, टाकीजवळ जात नसे. अक्कांनी पिशवीत रंगाची पूड भरली, तार जोडली आणि स्वतःच ती टाकीवर उचलली. भाऊ दाराशी उभा राहून बघत होता. पूड सांडू लागली तसा तो पुढे आला.

“दे इकडं. सांडतीस सगळं.”

वाकड्या बोटांनी त्यानं पिशवी घेतली.

अक्कांना जाऊन आता वर्ष होत आलं. मला त्या दिसतात त्या टाकीपासून दोन पावलं मागं सरलेल्या. पिशवी रिकामी झाली, भावानं ती झटकून घडी घातली, तरी अक्कांनी रोखलेला श्वास सोडला नव्हता.