मोरीचं मागचं दार

लखनऊ छावणीतला आमचा बंगला ज्या इंग्रजानं बांधला, त्याला आपल्या गावाकडच्या घराची फारच आठवण येत असावी. नाहीतर इथल्या जूनमध्ये, डांबर चपलेला चिकटतं तिथं, बर्फ घसरून पडायला उतरतं छप्पर कोण घालेल? दिवाणखान्यात शेकोटी, वर धुराडं, बागेकडे पुढे आलेली काचेची खिडकी. मग उन्हानं अक्कल शिकवली, तेव्हा चहूबाजूंनी व्हरांडा आला आणि छताजवळ गरम हवा जायला रोशनदानं, म्हणजे झरोके, आले. मला हे घर आवडतं, खोटं कशाला बोलू? हातभर जाड भिंती आहेत, भर दुपारी आत गार वाटतं.

राग आहे तो एका दाराचा. झोपायच्या खोलीला लागून मोरी आणि मोरीला बाहेरून उघडणारं अरुंद दार. साहेबाचं शौचाचं भांडं उचलणारीनं तिथून यायचं, तिथूनच परत जायचं. घरात पाऊल टाकायचं नाही. फ्लश आला, इंग्रज गेला, आपले साहेब राहायला आले, पण दाराची रीत काही सुटली नाही. मी फौजेत मेजर आहे. बंगला मला मिळाला आणि पहिल्याच सकाळी सफाईवाल्या बाईंनी तेच दार ठोठावलं.

"सामने से आइए," मी म्हटलं.

"मैडम, सब इधर से ही बुलाते हैं."

"बोलावत असतील! मी नाही बोलावणार," मी मराठीतच बोलून गेले. रागात मला हिंदी सुचत नाही. त्याच दिवशी दाराला कुलूप ठोकलं.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या बंगल्यातल्या मॅडम चार मैत्रिणींना घेऊन आल्या. त्यांचे यजमान माझे सीनियर. सगळ्यांना जुन्या इमारतींची भारी हौस. शेकोटीचे फोटो झाले, खिडकीचे झाले, मग व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून मॅडम म्हणाल्या, "वो पीछेवाला दरवाज़ा भी खुलवा दीजिए ना. पूरी व्यवस्था समझ में आती है. कितने सलीके से सोचते थे वो लोग!"

सलीका! माझं डोकंच फिरलं. "नहीं खुलेगा," मी म्हटलं. सीनियर गेले खड्ड्यात.

आई तिथंच मेथी निवडत बसली होती. कामठीहून महिनाभरासाठी आलेली. तिची आई, म्हणजे माझी आजी, कामठीच्या छावणीत असल्याच बंगल्यांच्या मोऱ्या साफ करायची. आईला हे दार दिसू नये, असं मला फार वाटत होतं. तिनं मेथी बाजूला सारली.

"चाबी दे."

"आई, कशाला?"

"दे म्हणते ना!"

चाबी घेऊन ती घराला वळसा घालून निघाली, मागोमाग आम्ही सगळ्या. तिनं कुलूप काढलं, फुगलेलं दार खांद्यानं ढकललं आणि उंबऱ्यावर थांबली.

"माही माय असल्या मोरीपर्यंतच," ती म्हणाली. "मले झाडाखाली बसवून जाये. याच्या पुढचं घर तिनं कधी पाह्यलंच नाही."

मग ती आत शिरली. माझी आई घरात कधी चपला घालत नाही. त्या दिवशी तिनं त्या काढल्या नाहीत. मोरी, झोपायची खोली, जेवणाची खोली, सगळं सावकाश पाहत गेली. दिवाणखान्यातल्या गालिच्यापाशी मॅडम पुटपुटल्या, "आंटीजी, चप्पल..."

आईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेकोटीवरून हात फिरवला, समोरच्या दारानं व्हरांड्यात आली आणि मॅडमच्याच खुर्चीत पाय लांब करून बसली. माझे डोळे भरून आले होते, आणि मला कुणाचीही लाज वाटत नव्हती.

आईनं चाबी मॅडमसमोर धरली. "देख लिया ना सबने? अब जाओ, ताला लगा के आओ."

आणि बाई गेल्या हो! एकट्याच, घराला वळसा घालून, मागच्या बाजूनं.