दोन काठांचं जाळं

सिंदेवाहीकडच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. नागपुरातून शिकून नुकतीच आलेली. साडीला कडक इस्त्री आणि जिभेलाही तशीच. घरी आईशी 'मले-तुले' बोलणारी मी, वर्गात शिरले की जणू पाळण्यापासून पुण्यातच वाढलेली. तेव्हाच्या त्या शहाणीला आज कोणी माझ्यासमोर आणलं, तर कान धरून बाकावर उभी करीन.

त्या दिवशी विद्युतऋणता शिकवत होते. दोन अणू जुळले की मधले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ज्याची त्याची ताकद. कार्बनची अडीच, ऑक्सिजनची साडेतीन. फरक एकचा, म्हणून त्यांच्यातला बंध ध्रुवीय. इथवर बरोबर होतं. पण मी ऐटीत फळ्यावर पुढे लिहिलं, 'म्हणून कार्बन डायऑक्साइडचा रेणूही ध्रुवीय.' खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. तिच्या घरी मासेमारी. सकाळी बापासोबत तलावात जाळं ओढून मग बसनं कॉलेजात यायची.

"बाई, कार्बनच्या दोनी बाजूनं ऑक्सिजन हाये ना? आमी दोन काठावरून सारख्याच जोरानं ओढलं, तं जाळं मधातच राह्यते. कोनाकडंच जात नाई. मंग हा रेणू कसा काय ध्रुवीय?"

मी म्हणाले, "हा रसायनशास्त्राचा तास आहे, मासळीबाजार नाही. आधी नीट बोलायला शिक."

वर्ग खदखदून हसला. ती खाली बसली.

दुपारी पुस्तक उघडलं आणि पंख्याखाली बसून घाम फुटला. रेणू सरळ रेषेतला. दोन्ही ओढी समोरासमोर, सारख्या, म्हणून एकमेकींना खाऊन टाकणाऱ्या. बंध ध्रुवीय, रेणू नाही. पोरगी बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन काय सांगावं मी? "काल मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. पाहत होते, कोण पकडतं ते." पोरं खूश, बाई भलत्याच हुशार.  त्या दिवसापासून ती मुलगी मागच्या बाकावर बसू लागली आणि वर्षभर एक प्रश्न विचारला नाही.

एवढ्यावरही मी थांबले नाही. पुढच्या वर्षीच्या पोरांना तेच जाळं, तोच तलाव मी माझ्या नावावर शिकवला. निवृत्त होईपर्यंत, दरवर्षी.

मागच्या महिन्यात अकरावीतली नात पुस्तक घेऊन बसली. तिलाही जाळंच सांगितलं. लगेच समजलं तिला.

"आजी, हे तुले सुचलं? भारीच!"

तोंडात 'हो' आलंच होतं. या वयात पुन्हा चोरी, तीही नातीसमोर! गिळलं आणि सगळं सांगून टाकलं. नात हसली नाही.

"मंग काऊन बसली अजून इथी? त्यायले जाऊन सांग ना."

गेले. ती तिच्याच गावात, तलावाच्या बांधावर भेटली. केस पिकलेले. ओलं जाळं पसरून ठेवत होती. मी उभ्या उभ्याच बोलले. तू बरोबर होतीस, मी चुकले होते, मुद्दाम वगैरे काही नव्हतं, आणि तुझं जाळं मी आयुष्यभर माझं म्हणून शिकवलं.

"मले मालूम होतं, बाई," ती म्हणाली. "मुद्दाम चुकलेल्या मान्साचा आवाज तसा कापत नाई."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"आधी नीट बोलायला शिकाचं होतं ना मले."

 तिनं जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"आल्याच आहात तं धरा, घडी घालाची हाये. तानून धरजा."

मी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. तरी जाळं तिच्याकडेच सरकत गेलं आणि त्याच्यामागे मी.