पावडर पुसलेला चेहरा

उन्हानं कातडी किती लवकर म्हातारी होते, यावर मी बालाघाट जिल्ह्यात बरीच वर्षं संशोधन करते आहे. त्यासाठी चेहऱ्याचे फोटो लागतात आणि चेहरा अगदी कोरा हवा असतो. तिरोडीला मँगनीजच्या खाणीवर जन्मभर उन्हात दगड फोडलेल्या बायकांना मी निरोप धाडला, की उद्या फोटो काढायचे आहेत. एवढंच सांगितलं, चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी पहिलीच म्हातारी आली ती तोंडाला पावडर थापून, ठसठशीत कुंकू लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून. माझं डोकंच फिरलं.

"हे सगळं आधी धुऊन या," मी ओरडले. "मला सुरकुत्या दिसल्या पाहिजेत!"

ती तोंड धुऊन आली. मी समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घेतले. उठताना ती म्हणाली, "मॅडम, एक मले बी द्या ना. घरी माहा एकबी फोटो नाही. मी मेल्यावर पोट्टे भिंतीले काय लावतीन?"

मी तिला परत खुर्चीवर बसवलं. माझ्या पर्समधली पावडर दिली. कुंकू तिनं स्वतःच रेखलं. मग मी आणखी एक फोटो काढला.

गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा तिच्या घरी जाऊन आले. हार घातलेल्या त्या फोटोतून ती थेट माझ्याकडे बघत होती. माझ्या शोधनिबंधात मात्र, ओळख पटू नये म्हणून, तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी आहे.