सूत गुंडाळलेला बोल्ट

अमरावतीच्या एका मेकॅनिकने मला फसवले. माझ्या गाडीच्या इंजिनात त्याने बुश बसवला नाही आणि बसवला म्हणून तोंडावर सांगितले. मी घासाघीस केली म्हणून माझे इंजिन जाम व्हायची पाळी आली, असे जे आता बाजारात बोलले जाते, ते त्यानेच पसरवले आहे आणि ते खोटे आहे.

घासाघीस मी करतो. सायकलच्या कॅरिअरवर नळाचे सामान बांधून मी खेडोपाडी विकत फिरलो आहे. बापाने मागे काही ठेवले नव्हते. आज पाइप आणि फिटिंगचे स्वतःचे दुकान आहे, ते भाव पाडून पाडूनच उभे राहिले. अजूनही मी कोथिंबिरीची जुडी पहिल्या भावाला घेत नाही. पण भाव ठरला की विषय संपला. त्यानंतर मालात खोट मी काढत नाही आणि दुसऱ्याची चालवून घेत नाही.

इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारी एक परात असते. गॅरेजमध्ये तिला चेंबर म्हणतात. तिच्या बुडाला एक बोल्ट असतो. तो खोलून जुने ऑइल सोडायचे आणि परत लावायचा. चेंबर ॲल्युमिनियमचे, बोल्ट लोखंडाचा. गरजेपेक्षा जास्त आवळला तर बोल्टाला काही होत नाही, भोकातले नरम आटे सोलून निघतात. मग बोल्ट धरत नाही, नुसता फिरत राहतो.

आमच्याकडच्या मेकॅनिकांना एक खोड आहे. मालक शेजारी उभा असला की पान्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवून शेवटी एक झटका जास्त द्यायचा. त्या झटक्याची बोल्टाला काही गरज नसते, तो मालकाला दाखवण्यासाठी असतो. काम कसून झाले म्हणून मालक खूश होतो. ऑइल बदलायला गाडी त्याच्याकडे नेली त्या दिवशी मीही शेजारी उभा होतो, पण माझे आयुष्य आट्यांत गेले आहे. मी म्हणालो, पुरे. तो गाडीखालून म्हणाला, "घाबरू नका भाऊ, टाइट करून राहिलो." आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या हातातला पाना सैल पडला.

बाहेर येऊन तो पहिले काय म्हणाला, तर आटे आधीच मेलेले होते, हे मागच्या मेकॅनिकचे पाप. प्रत्येक गॅरेजमध्ये गुन्हेगार हा मागचा मेकॅनिक असतो. नवीन चेंबर मी विकत आणावे, असे त्याचे म्हणणे. मी म्हणालो, मोडले तू, बुश बसव. म्हणजे भोक मोठे करायचे, त्यात नवे आटे पाडायचे आणि आतून-बाहेरून आटे असलेली छोटी पोलादी नळी पक्की बसवायची. बोल्ट मग त्या नळीत जातो आणि पहिल्यापेक्षा मजबूत बसतो. अर्धी मजुरी त्याने सोसायची, अर्धी मी, असे ठरवायला आम्हाला दोन चहा लागले. शेवटी बुशच बसवतो म्हणून त्याने मुलांची शपथ घेतली. मुले मधे आण, असे मी म्हणालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार होती. मी एकच विचारले, बुश बसवला का?

"बसवून देल्ला भाऊ. आता गाडी भंगारात जाईन, पण हा बोल्ट नाही हालत."

ठरलेली मजुरी मी तिथेच त्याच्या हातावर ठेवली.

चौथ्या दिवशी कामाने अकोल्याला निघालो. मूर्तिजापूर सोडले, थोडा पुढे गेलो आणि समोर ऑइलचा लाल दिवा लागला. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केले. दुसरा कोणी पुढच्या ढाब्यापर्यंत दामटत गेला असता आणि इंजिन कायमचे गमावून बसला असता. खाली वाकून पाहिले तर बोल्ट अर्ध्यावर लोंबत होता आणि मागच्या डांबरावर ऑइलची लकेर दूरपर्यंत गेली होती. तुरीची पोती नेणाऱ्या एका पिकअपवाल्याने दोर बांधून मला अकोल्यापर्यंत ओढत नेले.

तिथे लेथवर काम करणारे एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांनी तो बोल्ट काढला, उजेडात धरला आणि त्याच्यावरून नखाने काहीतरी सोलून माझ्या तळहातावर ठेवले. नळाला गुंडाळतात ते सूत होते, सांधा गळू नये म्हणून लावतात त्या सफेद्यात बरबटलेले.

"भाऊ, हे इंजिन हाय का मोरी?" त्यांनी विचारले.

हेच सूत मी गड्ड्यांनी विकतो आणि सफेद्याच्या डब्या माझ्या दुकानात रांगेने लावलेल्या आहेत. पाण्याच्या नळाला दोन्ही चांगले. तापलेल्या ऑइलपुढे सफेदा मऊ पडतो, आणि गाडीच्या थरथरीने बोल्ट सुटत जातो. नळ दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल. गॅरेजवाल्याला ते कळत नव्हते असे मी मानत नाही.

म्हाताऱ्यांनी चेंबर खाली उतरवले, कारण लोखंडाचा-ॲल्युमिनियमचा कीस आत राहिला तर तोच इंजिन खातो. आटे पाडताना ते अर्धा फेरा पुढे जात आणि थोडे मागे येत, घाई अजिबात नाही. बुश बसल्यावर त्यांनी बोल्ट माझ्या हातात दिला. "पयले चार आटे बोटानं गेले पाह्यजे. नाही गेले तं थांबा. पाना मंग." बोल्ट बोटांनी गेला, लोण्यात जावा तसा. त्यांनी मजुरी सांगितली आणि मी ती दिली, भाव न करता. माझ्या घरी हे कोणाला खरे वाटलेले नाही.

जुना बोल्ट सुतासकट कागदात बांधून मी दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या गॅरेजवर गेलो. चार-पाच गिऱ्हाइके बसली होती. बोल्ट त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने हात पुसले, बोल्टाकडे पाहिले आणि म्हणाला, "तुमीच म्हणले होते ना, भागवा म्हणून."

"मी बुश म्हणलो होतो."

"इतक्या पैशात बुश कोण बसवते भाऊ?"

लोक हसले. एक ट्रकवाला म्हणाला, "शेठ, आखीन थोडे कमी केले असते तं त्यानं चिंधी कोंबली असती." तेव्हा तर सगळेच हसले. इंजिन दुसऱ्याचे असते तर मीही हसलो असतो. आता माझ्याच दुकानात येऊन माणसे म्हणतात, एक गड्डी सूत वरून द्या, गाडीत घालायचे आहे.

त्याला तो भाव परवडत नव्हता तर नाही म्हणायचे होते. नाही म्हणायला काही लागत नाही. मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. स्वस्त पाइप मागणाऱ्याला मी स्वस्त पाइप देतो आणि तो पातळ आहे हे सांगून देतो. मी भाव कमी केला होता, खोटे बोलायची परवानगी दिली नव्हती.

मधे त्याने एका माणसाकरवी निरोप पाठवला की पुढची सर्व्हिसिंग फुकट करून देतो. ज्या हाताने सूत गुंडाळले त्या हाताला मी परत बोनेट उघडू देईन, असे त्याला वाटले तरी कसे? मला पैसे परत नकोत. त्या दिवशी जे हसले, त्यांच्यासमोर त्याने खरे बोलावे, एवढेच मागतो आहे. त्यासाठी मी तीनदा गेलो. मला पाहिले की तो कोणाच्या तरी गाडीखाली सरकतो, आणि मी निघेपर्यंत त्याचे पायच तेवढे दिसतात.

त्या पायांना मी शेवटचे सांगून आलो आहे आणि इथेही लिहितो. बाहेर ये. लोक बसले आहेत, त्यांच्यासमोर उभा राहा आणि सांग, बुश बसवला होता का नाही? आणि नव्हता बसवला, तर बसवला म्हणून मले काहून सांगतलं?