अर्धं कार्ड
कपाटातली जुनी कागदपत्रं उपसताना क्रेडिट कार्डाचा अर्धा तुकडा सापडला आणि भोसरीच्या वर्कशॉपमधला, मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंटचा आंबूस वास पुन्हा नाकात शिरला. दोन वर्षं ओव्हरटाइम करून मी त्या कार्डाची थकबाकी फेडली होती. शेवटचा हप्ता भरला त्या दुपारी, डबे उघडायच्या आधी, आमच्या मिस्त्रींनी पत्रा कापायची कात्री माझ्या हातात दिली. "काप राव एकदाचं, परत मोह नको." कच्चकन आवाज झाला, तुकडे लोखंडाच्या किसात पडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मिस्त्रींनी जिलेबी मागवली. एक तुकडा उचलून मी खिशात टाकला. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. कार्ड बंद करायला बँकेत अर्ज द्यावा लागतो, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षाची फी लागत राहिली, तिच्यावर व्याज चढत गेलं, मेसेज माझ्या बंद पडलेल्या नंबरवर जात राहिले. काल रहाटणीतल्या फ्लॅटच्या कर्जासाठी गेलो, तर बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, स्कोअर फार खाली गेलाय. हे कार्ड चालूच आहे की तुमचं." आता ते बंद करायचा अर्ज भरतोय. त्यात कार्डाचा नंबर विचारलाय, आणि माझ्याकडे त्यातले आठच आकडे आहेत.