वस्त्रगाळ गोळ्या

घोटावड्याच्या बाजूला एका औषधाच्या कारखान्यात मी गोळ्यांवर कोट चढवते. फिरत्या पिंपात गोळ्या घालायच्या आणि त्यांच्यावर पातळ थर फवारायचा. कामावर नवीन कुणी आलं की मी पहिल्याच दिवशी ऐकवते, पोटात विरघळणारी गोळी कुणीही करील; पोट ओलांडून थेट मोठ्या आतड्यात जाऊन उघडेल, अशी गोळी करायला अक्कल लागते. हे सांगताना माझा तोरा बघण्यासारखा असतो.

आणि तिकडे माले गावी माझी आई तसल्याच गोळ्या खलात कुटत होती.

गोळ्या माझ्या वडिलांच्या. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज आहे, त्यामुळे दिवसातून कितीदा तरी पळावं लागायचं. आबा गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांचे पंच. मागच्या वर्षी ऐन रंगात आलेली कुस्ती सोडून ते आखाड्यातून शाळेच्या संडासाकडे पळाले आणि लोक हसले. घरी आल्यावर त्यांनी फेटा ट्रंकेत टाकला. "पुढल्या साली दुसरा पंच बघा," एवढंच म्हणाले. मग हळूहळू एसटीत बसणंसुद्धा सोडलं.

डॉक्टरांनी नेमक्या त्या जागी पोचणाऱ्या गोळ्या दिल्या. तीन महिने झाले, फरक शून्य. आता जोराचं औषध सुरू करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला आबांची काळजी वाटली आणि खरं सांगायचं तर रागही आला. आम्ही करतो त्या जातीची गोळी अशी हरते म्हणजे काय!

त्या रविवारी पिरंगुटच्या खोलीवरून घरी गेले, तर आई स्वयंपाकघरात बसलेली. खलातली पूड तिने वाटीवर बांधलेल्या धुतल्या फडक्यातून गाळली, खाली आलेल्या पांढऱ्या पिठात मध घातला आणि फडक्यावर राहिलेले लाल पापुद्रे तुळशीत झटकले.

"हे काय करतीस?"

"आबांचं औषध. आख्खी गोळी घशात आडकतीया त्यांच्या. म्हून वस्त्रगाळ करून देते."

"आणि हे लाल?"

"रंग हाय त्यो. कशाला पोटात घालायचा? शेंगा काय टरफलासकट खातो व्हय आपण?"

"अगं, त्या टरफलाचाच तर पगार मिळतो मला!"

मी एवढ्यांदा ओरडले की आबा ओटीवरून आत आले. आईचा चेहरा पडला. तीन महिने रोज दोन वेळा ती हा खटाटोप मायेनं करत होती. आणि मी? कारखान्यात सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मी, घरी "सकाळ-संध्याकाळ दे" एवढंच सांगून मोकळी झाले होते. मला माझीच लाज वाटली.

मग मी दोन काचेचे पेले घेतले. एकात लिंबाचा रस, दुसऱ्यात खायच्या सोड्याचं पाणी. दोन्हीत एकेक गोळी सोडली. "हे लिंबू म्हणजे आपलं जठर, आंबट. आणि हा सोडा म्हणजे खालचं आतडं, तिथं आंबटपणा नाही."

आई तापत्या दुधावर ठेवावी तशी पेल्यांवर नजर ठेवून बसली. आबा पाट ओढून पुढ्यात बसले आणि त्यांच्यातला पंच जागा झाला. "लिंबू नुसतंच झोंबतंय, डाव लागंना! तिकडं सोड्यानं पकड घेतली बगा!" बऱ्याच वेळानं सोड्यातली गोळी फुगली, लाल थर सुटला आणि पाणी गढूळ झालं. लिंबातली मात्र होती तशीच.

"लिंबू चीत!" आबांनी मांडीवर थाप मारली. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. कित्येक महिन्यांत आमच्या घरात असं हसणं झालं नव्हतं.

"म्हंजे औषद वाटंतच सांडत व्हते मी," आई हळूच म्हणाली.

डॉक्टरांना फोन केला. तेही हसले आणि म्हणाले, जोराचं औषध राहू दे, आधी आख्ख्या गोळ्या घेऊन बघा. घशाचा प्रश्न आईनेच सोडवला. केळ्याच्या मऊ घासात गोळी बसवायची आणि वर पाणी. दुसऱ्या महिन्यात आबा एसटीने पौडला जाऊन आले, तेही कुणाला न सांगता.

यात्रेच्या सकाळी आईने ट्रंकेतून फेटा काढला. आबा घुटमळले. मी शाळेच्या संडासाची किल्ली मागून आणली आणि त्यांच्या खिशात टाकली. "असू दे जवळ."

दुपारभर हलगी वाजत होती. मी आणि आई बांधावर उभ्या राहून कुस्त्या सोडून आबांकडेच बघत होतो. एक जोड सुटली, दुसरी लागली, आबा वाकून पैलवानांच्या पाठी टेकल्या का ते बघत होते, शिट्टी मारत होते. शेवटची निकाली कुस्ती संपता संपेना. आई माझा हात घट्ट धरून होती. शेवटी आबांनी जिंकलेल्या पैलवानाचा हात वर केला आणि मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडले.

फेट्यावर, मिशांवर माती घेऊन ते आमच्याकडे आले. खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"दिऊन ये जा. लागली न्हाई."